मनकर्णा लिपी : कुंदाने वाढवलेली आवृत्ती

गुरुवार, २९ नोव्हेंबर १९६२. अमरावती.

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ मुद्दाम नोंदवते. उद्या यावर वाद झाला तर ‘चहाचा सुमार असेल’ असं मोघम बोलणाऱ्यांतली मी नाही.

पोस्टमनने अकोल्याचं पुडकं दिलं. आत एक जाड वही. वर नाव, ‘मनकर्णा लिपी, वाढवलेली आवृत्ती’. त्याखाली, ‘मूळ लिपी : कु. मनकर्णा पिंपळखुटे. वाढ : सौ. कुंदा वाडेगावकर.’

कु. मनकर्णा पिंपळखुटे म्हणजे मी. मी जिवंत आहे. माझा पत्ता एकतीस वर्षांत बदललेला नाही. अकोल्याचं टपाल इथे एका दिवसात येतं. तरी मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

ही लिपी काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी ही दैनंदिनी उघडलीच तर माझी बाजू त्याला कळेल. छत्तीस साली मी मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि विणकाम शिकवायला लागले, तेव्हा विणकामाची पुस्तकं सगळी विलायती. सिस्टर फिलोमिनांनी कॉन्व्हेंटात माझ्याकडून त्यांतली टाक्यांची इंग्रजी आद्याक्षरं घोकून घेतली होती, म्हणून मला ती वाचता येत. माझ्या मुलींना येत नव्हती. मग मी खुणा केल्या. उभी रेघ म्हणजे सुलट टाका. आडवी रेघ म्हणजे उलट. टोकाशी जुळलेल्या दोन रेघा म्हणजे दोन टाक्यांचा एक. पोकळ गोल म्हणजे जाळी, धागा पुढे घेऊन मुद्दाम ठेवलेलं भोक. जेवढे टाके तेवढ्या खुणा. ओळीत शहाण्णव टाके असतील तर कागदावर शहाण्णव खुणा, एक कमी नाही. यात कोणाला काही समजून घ्यावं लागत नाही, नजर ठेवून विणलं की झालं. चौदाशेवर मुली या लिपीवर विणायला शिकल्या. कुंदा त्यांतलीच एक.

वहीत तिची चिठ्ठी आहे. ‘बाई, महिला मंडळातल्या बायकांसाठी पुस्तिका छापली आहे. तुमच्यासाठी मात्र वही मी स्वतः लिहिली.’ स्वतः लिहिली ती अशी की अक्षरं किराणा दुकानाच्या पाटीएवढी, शाई काजळासारखी, पानावर जेमतेम चार ओळी. मी काय पहिलीतली पोर आहे? इतरांना छापील आणि मला बालवाचन!

सबंध वही अर्ध्या तासात वाचून झाली. वर्तमानपत्राला हल्ली दोन तास लागतात. छपाई किती बिघडली आहे ते यावरून कळावं.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

रात्री झोप नाही. आता शांतपणे लिहिते.

तिने केलं आहे ते असं. तबल्याची भाषा उचलून माझ्या लिपीत घातली आहे. कुंदा लहानपणापासून तबलेवाली. एकेचाळीस साली माझ्या तासाला बाकावर सुयांनी वाजवत बसे. मी दोनदा सुया काढून घेतल्या आणि एकदा तिला व्हरांड्यात उभं केलं. ते वाजवणं तिने एकवीस वर्षं जपून ठेवलं होतं असं दिसतं.

प्रत्येक टाक्याला बोल दिला आहे. सुलटाला ‘धा’, उलटाला ‘ना’, आणि असंच प्रत्येकाला काही ना काही. नक्षी जिथून पुन्हा सुरू होते तिथे फुली, तिला म्हणायचं सम. आणि सगळ्यांत मोठा आगाऊपणा म्हणजे ठेका. काही टाक्यांचा एक गठ्ठा करायचा, त्याला नाव द्यायचं, पुढे टाके लिहायचेच नाहीत, नुसतं नाव घ्यायचं. दोन सुलट दोन उलट, ही मी मुलींना शिकवलेली पहिली वीण. या ठेक्याला तिने नाव दिलं आहे ‘बाई’.

म्हणजे आता कानटोपीची कृती अशी: ‘बाई चोवीस वेळा, मग सम.’ अकोल्यातल्या साठ बायका मला चोवीस वेळा विणणार!

आणखी एक. टाका न विणता एका सुईवरून दुसरीवर नुसता सरकवायचा असेल तर त्याला ती ‘खाली’ म्हणते. तबल्यात खालीला, म्हणजे टाळी न देता मोजायच्या मात्रेला, शून्य काढतात, म्हणून इथेही शून्य. शून्य म्हणजे माझी जाळी! एकाच पुस्तकात एकच खूण, तिच्याकडे एक अर्थ आणि माझ्याकडे दुसरा.

निषेधाचं पत्र लिहिलं. पार्बताबाई टाकायला घेऊन गेली. जाताना म्हणाली, “बाई, पत्त्याच्या दोन ओयी एकमेकीवर बसल्या. पुसू का?” मी म्हटलं, पोस्टातल्या लोकांना त्यासाठीच पगार मिळतो.

सोमवार, ३ डिसेंबर

पार्बताबाई वलगावची. वीस वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करते, अक्षरशत्रू आहे. आज भाकरी थापताना पुटपुटत होती, “धा धा ना ना, धा धा ना ना.” तव्यावर हात भाजला असता.

“हे कुठे शिकलीस?”

“कुंदाताईनं शिकवलं नं दिवाळीत. इथंच पाटावर बसून.”

“तुला विणकामाशी काय करायचंय?”

“मले काय मालूम वो बाई. म्हने, पार्बताबाई, तुमच्या ध्यानात रायते का पाहू.”

“राहतं?”

“तुमच्या चष्म्यापेक्षा बरं रायते.”

उद्धट. चष्मा सत्तावन्न सालचा आहे आणि काचा उत्तम आहेत. मी रोज पुसते.

गुरुवार, ६ डिसेंबर

उत्तर नाही.

जवानांसाठी सहावी कानटोपी सुयांवर घातली आहे. लढाई थांबली म्हणतात; थंडी थांबलेली नाही. महिला मंडळाकडून खाकी लोकर येते. सरकारने हा रंग काय विचाराने निवडला कोण जाणे. शत्रूला जवान दिसू नये हे समजू शकते. विणणारीला टाका दिसू नये, हे कशासाठी?

दिवाळीत कुंदा आली होती त्याची आज पुन्हा आठवण झाली. माझ्या तयार पाच टोप्या तिने मांडीवर घेतल्या आणि बराच वेळ बोटांनी चाचपत बसली. मग विचारते, “बाई, तुम्ही कधी डोळे मिटून विणलंय?”

मी म्हटलं, “डोळे मिटून मी फक्त झोपते.”

ती हसली नाही. एरवी माझ्या अर्ध्या बोलण्याला हसणारी मुलगी. टोप्या मात्र स्वतः घेऊन गेली, म्हणाली, मंडळात मीच देते. नोव्हेंबरात मंडळाचं पत्र आलं: ‘आपल्या पाचही टोप्यांची वीण आदर्श आहे.’ ते पत्र मी आरशाच्या चौकटीत खोचलं आहे. सहासष्टाव्या वर्षी असं पत्र येणाऱ्या बाईला लिपी वाढवून देणारी ही कोण?

मंगळवार, ११ डिसेंबर

देवाघरी न्याय आहे.

आशाबाई आली, तिवशाहून, एस.टी.ने. माझी पंचेचाळीस सालची विद्यार्थिनी. वसतिगृहात राहून शिकली, आता घरची चाळीस एकर बघते. दारातूनच तिने गाठोडं टाकलं. “पाहा बाई, तुमच्या लिपीनं काय करून ठेवलं थे!”

आत अकरा कानटोप्या. प्रत्येकीला कानाशी ओळीने भोकं. बोट जाईल एवढी.

“कानाचा भाग जाड व्हावा म्हणून मंडळाच्या पुस्तकात शून्यं देली,” आशाबाई म्हणाली. “आमी सगळ्याजनींनी जाळी घातली. दर जाळीले एक टाका वाढून राहिला, टोपी फुगत गेली. मी म्हटलं, बाईंची काही तरी शक्कल असन.”

“शून्य म्हणजे जाळी नाही तिथे. ते कुंदाचं शून्य आहे. खाली. टाका नुसता सरकवायचा, म्हणजे वीण दुहेरी होते.”

“कुंदाचं कावून? शून्य म्हनजे जाळी. तुमीच त पट्टी मारून शिकवलं.”

“शेवटच्या पानावर दिलं असेल तिने.”

“शेवटचं पान कोन वाचते बाई? वर नाव तुमचं पाहलं, अन् घातले टाके.”

हेच! हेच मी गेले बारा दिवस म्हणते आहे. नाव माझं पाहिलं आणि टाके घातले. चौदाशे मुलींच्या बोटांत माझं शून्य बसलं आहे. ते एका पुस्तिकेने निघत नाही.

जेवताना आशाबाईने माझी सहावी टोपी हातात घेतली. उलटीसुलटी करून खाली ठेवली. मग पार्बताबाईशी ओट्याजवळ बरंच हळू बोलणं चाललं होतं. शेतकऱ्यांच्या घरच्या बायकांना हळू बोलता येत नाही असा माझा समज होता.

रविवारी अकोल्याला जाते. पत्रांनी काम होत नाही.

सोमवार, १७ डिसेंबर

काल अकोला. पार्बताबाईला बरोबर नेलं, म्हणजे तीच आली. बडनेऱ्याला गाडी बदलताना तिने माझा दंड असा धरला, जणू मी पळून जाणार आहे.

जठारपेठेत वाडेगावकरांचं घर. कुंदाचे सासरे बापूसाहेब वकील, आता वकिली कमी आणि तबला जास्त. मी दारातूनच त्यांना नमस्कार केला. उत्तर नाही. मग दुसरे बापूसाहेब आतून आले तेव्हा कळलं, मी नमस्कार केला तो खुंटीवरच्या काळ्या कोटाला. वकिलाने कोट असा दाराच्या तोंडाशी टांगूच नये.

बापूसाहेब म्हणाले, “या मनकर्णाबाई. कोटाला नमस्कार करणाऱ्या तुम्ही पहिल्या नव्हेत. पक्षकार त्यालाच करत आले.”

माजघरात पंधरावीस बायका भिंतीला टेकून विणत होत्या. मधे कुंदा. ती बोल म्हणते, सगळ्या मागून म्हणतात, आणि सुया चालतात. “धा धा ना ना.” खालीच्या जागी कोणी काहीच म्हणत नाही. सगळ्यांचा आवाज एकदम थांबतो, फक्त सुई सुईला लागल्याचा बारीक आवाज येतो, आणि पुन्हा धा. मी दारात उभी राहिले ती उभीच राहिले. रागावलेली होते, म्हणून.

एक रुख्मिणी म्हणून बाई होती, मोर्णा नदीपलीकडच्या कुठल्या गावची, पदर डोक्यावर घट्ट. मला पाहून तिने सुया खाली ठेवल्या. “ह्या थ्याच बाई का वो कुंदाताई? ज्यायच्या टोप्या तुमी उसवून...”

“रुख्मिणी, समेला चूक झाली बघ तुझी,” कुंदा म्हणाली.

रुख्मिणीची सम बरोबर होती. मी पाहिली नाही, पण ऐकली होती. कोणाच्या टोप्या ते राहूनच गेलं.

मी आशाबाईचं गाठोडं मधोमध सोडलं. “ही तुझी वाढ.”

कुंदाने एक टोपी उचलली, भोकांतून बोट घातलं. तिचा चेहरा उतरला असावा; प्रकाश तिच्या पाठीमागून होता. “बाई, चूक माझी. शून्य तुमचं होतं. मला घ्यायचा हक्क नव्हता.”

मी भांडायच्या तयारीने गेले होते. एवढ्या लवकर कबुली देणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?

“लिपी बदलायच्या आधी मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही ‘नाही’ म्हटलं असतं.”

“अर्थात.”

“आणि मग वाढवून उपयोग नव्हता.”

“कोणाला उपयोग?”

ती टोपीची भोकं मोजायला लागली. रुख्मिणी म्हणाली, “मले आहे नं उपेग. मले वाचता येत नाई. तुमचं पुस्तक माह्या घरात येऊन काय करन? हे मी घरी जाऊन म्हनतो अन् सासूबी विनते. तिले त दिसतबी नाई.”

सासूला दिसत नाही आणि ती विणते. या बायका काहीही सांगतात.

बापूसाहेब मधे पडले. “मनकर्णाबाई, खटला तुम्ही जिंकलात. प्रतिवादीने गुन्हा कबूल केला आहे. आता निकाल द्या. शून्य तुमच्याकडे परत. खालीला दुसरी कोणती खूण लावायची ते तुम्हीच सांगा.”

“मी खूण दिली तर मी वाढ मान्य केली असं होईल.”

“तसंच होईल,” वकील म्हणाला.

मी खूण दिली नाही. जेवण उत्तम होतं. जेवताना बापूसाहेबांनी कोणी न विचारता सांगितलं की त्यांचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढला, तेच डॉक्टर जानेवारीत मुंबईहून पुन्हा येताहेत, आणि आता त्यांना तबल्याच्या शाईवरचे ओरखडेसुद्धा दिसतात. मी त्यांचं अभिनंदन केलं. म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या दुखण्यांशिवाय विषय नसतो.

निघताना कुंदा वाकली. मी आशीर्वाद दिला, पण कोरडा.

गुरुवार, २० डिसेंबर

दोन दिवस सहावी टोपी उसवते आहे आणि पुन्हा विणते आहे. सुलट कुठला, उलट कुठला, काही ठरत नाही. लोकर वाईट.

म्हणून माझी छत्तीस सालची मूळ वही काढली. स्वतःच्या हाताने, निबाने लिहिलेली, ओळीला शहाण्णव खुणा. खिडकीशी नेली. मग अंगणात नेली. शाई उडाली आहे. पानं करडी झाली आहेत, त्यावर काहीतरी धुकं आहे.

पार्बताबाईला हाक मारली. “ही शाई पाहा कशी पुसली गेली.”

तिने वही हातात घेतली. तिला वाचता येत नाही, पण पाहता येतं. एकेक पान उलटलं. मग म्हणाली, “नाई बाई. काया कुयकुयीत हायेत रेघा.”

मी म्हटलं, तू खोटं बोलतेस.

“हो बाई,” ती म्हणाली, आणि वही फडक्यात बांधून ठेवली. वीस वर्षांत माझ्यासमोर तिने कधी काही मुकाट्याने मान्य केलं नव्हतं.

शुक्रवार, २१ डिसेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

रविवार, २३ डिसेंबर

सकाळी उन्हात बसले होते. सुया मांडीवर. पार्बताबाई शेजारी तूर निवडत होती. तिने माझ्याकडे न बघता सुरुवात केली, “धा धा ना ना.”

मी म्हटलं, बंद कर.

तिने बंद केलं नाही. “धा धा ना ना. धा धा ना ना.” सूप झटकावं तसा एका ठेक्यात आवाज. माझी बोटं चालायला लागली. मी त्यांना सांगितलं नव्हतं. सुलट टाका बोटाला गुळगुळीत लागतो, उलट टाक्याला गाठीसारखा उंचवटा. हे मी तीन हजार वेळा मुलींना सांगितलं असेल आणि स्वतः कधी तपासलं नव्हतं. नजर होती ना. पार्बताबाई म्हणत गेली, मी विणत गेले. खाली आली की ती थांबे, मी टाका सरकवी. सात ओळी झाल्या. मी बोट फिरवून तपासल्या. एकही चूक नाही.

तेव्हा सिस्टर फिलोमिना आठवल्या. प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसून त्या मोजे विणायच्या. ओठ सारखे हलत असायचे. जपाचे दहा झाले की ओळ वळवायच्या. त्यांची नजर कधी सुईवर नसायची. ती आम्हा मुलींवर असायची. आम्हांला मात्र म्हणायच्या, “नजर कामावर!” बावन्न वर्षं मी त्यांचं म्हणणं ऐकत आले. त्या करत काय होत्या ते पाहिलंच नाही.

“पार्बताबाई,” मी म्हटलं, “दिवाळीच्या माझ्या पाच टोप्या कशा होत्या?”

ती सूप घेऊन उठायला लागली.

“खरं सांग.”

“टाके सुटले होते बाई. येका टोपीत त हात आरपार जाये.”

“आणि मंडळाचं पत्र?”

“कुंदाताईनं साऱ्या उसवल्या. नव्यानं विनल्या. तुमच्या नावानं देल्या.” मग सूप पुन्हा पुढ्यात ओढून, “चिडू नोका. पोरगी इथं सयपाकघरात बसून लय रडली. म्हने, बाईंनी विननं सोडलं त बाई राहीन का? म्हने, काही त कराच लागन.”

मी उठून आरशाजवळ गेले. पत्र काढलं. ते फाडणार होते. ‘आदर्श’ हा शब्द पूर्वी मला त्यात स्पष्ट दिसला होता, की पार्बताबाईने शेजाऱ्यांकडून वाचून घेऊन मला सांगितला होता, ते आता आठवेना. पत्र पुन्हा तिथेच खोचलं. वीण कुंदाची आहे. ती मीच शिकवलेली आहे.

बुधवार, २ जानेवारी १९६३

सहावी टोपी पूर्ण. सातवी आणि आठवीही. आशाबाईच्या अकरापैकी चार उसवल्या आणि नव्याने घातल्या. पार्बताबाईचा घसा बसला आहे. मी आता मनातच म्हणते. ‘बाई चोवीस वेळा, मग सम.’ म्हणताना सुरुवातीला लाज वाटली. नंतर वाटली नाही.

खालीच्या खुणेचा विचार करते आहे. अकोल्याला त्या दिवशी ताल मोजताना बापूसाहेब समेला टाळी देत होते आणि खालीला तळवा उघडा करून वर धरत होते. ते मला दिसलं होतं. मोठं काही असलं की दिसतं.

शनिवार, ५ जानेवारी १९६३

कुंदाला पत्र. आधी इथे कच्चं लिहिते. पक्कं पत्र आशाबाई येणार आहे तिच्याकडून लिहवून घेईन, म्हणजे ओळी एकमेकींवर बसणार नाहीत.

‘चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

गुरुवार, दि. २९ नोव्हेंबर रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझी वही मला मिळाली. मला न विचारता माझी लिपी वाढवल्याबद्दल माझी तक्रार अजून कायम आहे. ती मागे घेतलेली नाही. तसा कोणी समज करून घेऊ नये, तुझ्या सासऱ्यांनीही नाही.

शून्य जाळीचंच राहील. यावर चर्चा नको. खालीसाठी तुला नवी खूण देते: अर्धा गोल, उघडी बाजू वर, वर धरलेल्या तळव्यासारखा. हे माझ्याच शून्याचं अर्धं आहे. पुस्तिकेच्या पुढच्या छपाईत हीच खूण जावी, पहिल्या पानावर, ठळक. शेवटचं पान कोणी वाचत नाही. मुखपृष्ठावर “वाढ : सौ. कुंदा वाडेगावकर” यापुढे “मूळ लिपीकर्तीच्या संमतीने” हे शब्द घालावेत. आशाबाईला मी तिवशात ही नवी खूण शिकवायला सांगणार आहे; तिच्या उरलेल्या सात टोप्या तिनेच उसवाव्यात, कारण शेवटचं पान न वाचणं ही तिची चूक.

ठेक्याचं नाव “बाई” राहू दे. लोकांना आता पाठ झालं आहे.

यापुढे जे विचारते त्याचं उत्तर मला लेखी हवं. तोंडी नको, कारण तोंडी तू विषय बदलतेस; रुख्मिणीची सम त्या दिवशी बरोबर होती.

माझ्या दिवाळीच्या पाच टोप्या तू उसवल्यास. त्यांत काय काय चुका होत्या त्या टोपीगणिक, ओळीगणिक लिहून पाठव. मी बावीस वर्षांत एकाही मुलीचं काम खुणा न करता परत दिलं नाही. माझं कामही तसं परत जाता कामा नये.

ही वाढ तू जवानांसाठी केलीस, की न वाचता येणाऱ्या बायकांसाठी, की आणखी कोणासाठी? एका वाक्यात सांग. त्या वाक्यात “बाई, तसं काही नाही” हे शब्द नसावेत.

मुंबईचे ते डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या तारखेला येतात, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडे माझं नाव आधीच घातलं आहे का, तेही कळव. घातलं असेल तर मला न विचारता घातलंत, ही दुसरी तक्रार. घातलं नसेल तर घाल. पट्टी बांधून किती दिवस पडून राहावं लागतं ते विचारून ठेव. तेवढ्या दिवसांची लोकर मला उशाशी लागेल. आणि बोल म्हणायला तू असावंस. पार्बताबाईचा घसा बसला आहे.

सोमवार, दि. १४ जानेवारी, संक्रांत, दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या आत उत्तर माझ्या हाती पडलं पाहिजे. तिळगुळाची पुडी पाठवून भागणार नाही. शाई काळी, अक्षर मोठं, पानावर चार ओळी. ते मी कोणाकडूनही वाचून घेणार नाही, स्वतः वाचणार आहे.

तुझ्या बाई.’